दुकानाची पायरी

हुबळीच्या दुर्गदबैलाचे नाव प्रथमच कानावर पडलेल्या मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे औताचा बैल उभा राहतो. परंतु हा बैल म्हणजे कन्नडमधील ‘बयलु’ ह्या मोकळ्या मैदानाच्या वाचक शब्दाचे मराठी तोंडात रुळलेले रूप असून, दुर्गदबैल म्हणजे किल्ल्याचे मैदान एवढाच त्याचा अर्थ आहे. ते मैदान आता मोकळे उरलेले नाही. दाजीबान पेठेत तुळजाभवानीचे दर्शन आटोपून दिवेलागणीच्या सुमारास तिकडे वळणाऱ्या माणसाला कापडाचे ढीग, बांगड्यांच्या माळा, भांड्यांच्या उतरंडी आणि ह्या सर्वांमधून वाट काढीत येणारा गिरमिटाचा व मिरची भज्यांचा वास ह्यांनी भरलेला असा बाजार लागतो, की ज्यात शिरल्यावर घाई करणे शक्यही होत नाही आणि करावीशीही वाटत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा मुलूख मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, दफ्तराची भाषा बदलली. घासाघिशीची भाषा मात्र कन्नड, मराठी आणि दख्खनी ह्यांच्या जुन्या मिश्रणाचीच राहिली, आणि ‘अक्का, शेवटचा भाव सांगतो’ ही हाक आजही तिन्ही भाषांतील गिऱ्हाइकांना सारखीच कळते.

ह्या बाजारात वस्तू स्वस्त मिळते, आणि ती स्वस्त का, हे विचारण्याची गिऱ्हाइकाला पूर्ण मुभा असते. विचारले की विक्रेता कारण सांगतो: हा ताक्याचा शेवटचा तुकडा आहे, ह्या काठाला तेलाचा डाग पडला आहे, हा दिवाळीचा माल संक्रांतीपर्यंत उरला आहे, ह्या पातेल्याला वाहतुकीत पोचा आला आहे. कारण क्वचित खोटेही असेल, परंतु वस्तू आपल्या हातात असल्यामुळे डाग पाहता येतो, पोचा चाचपता येतो, कापडाची घडी उलटून मागची बाजू उजेडात धरता येते. ह्याहूनही मोठे संरक्षण असे की फसलेला गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहू शकतो आणि शेजारच्या दहा दुकानदारांच्या देखत आपले गाऱ्हाणे मांडू शकतो. व्यापाऱ्याची सचोटी ही त्याच्या स्वभावातून येते हे खरेच. तथापि ती टिकून राहते ती पुष्कळ अंशी ह्या पायरीमुळे, असे चाळीस वर्षांच्या खरेदीनंतर माझे मत झाले आहे.

मोबाइलच्या पडद्यावर उघडणाऱ्या दुकानाला पायरी नसते. त्याला एक तर स्वतःहून ती दाखवावी लागते, किंवा आपल्याला ती शोधावी लागते. पुढे जे काही सांगावयाचे आहे ते ह्या शोधासंबंधानेच आहे.

गेल्या दसऱ्याच्या आधीची गोष्ट. आमच्या शेजारच्या काकूंना मोबाइलवर एक जाहिरात दिसली. हुबळीतील तीन पिढ्यांचे कापडदुकान मालकाच्या वार्धक्यामुळे कायमचे बंद होत असून, रेशमी पदराची हातमागावरील दोन इरकली लुगडी ९९९ रुपयांत मिळतील, मूळ किंमत ७,९९८, असा तिचा मजकूर होता. सोबत पांढऱ्या मिशांच्या एका वृद्ध गृहस्थाचे प्रसन्न छायाचित्र, मागे गजबजलेला बाजार, आणि खाली पत्ता, ‘दुर्गदबैल, हुबळी’. आपल्याच गावचे दुकान, त्यातून म्हातारा माणूस व्यवसाय मोडतो आहे, ह्या दोन गोष्टींनी काकूंच्या मनात स्वस्ताईविषयी जी शंका यावयास हवी होती तिची जागा अनुकंपेने घेतली. त्यांनी यूपीआयने पैसे भरले. आठ दिवसांनी एक लहानसे पाकीट आले; त्यात नायलॉनची एक विटकी ओढणी होती. त्यानंतर आम्ही दुर्गदबैलात जाऊन चौकशी केली, तेव्हा कापडाच्या एकाही व्यापाऱ्याने त्या दुकानाचे नाव ऐकलेले नव्हते. घरापासून वीस मिनिटांच्या वाटेवरची ही चौकशी पैसे भरण्यापूर्वी करण्याचे आमच्यापैकी कोणालाही सुचले नाही, ह्याचे मला आजही वाईट वाटते.

ह्या एका प्रसंगात अशा दुकानांची जवळजवळ सर्व लक्षणे एकत्र आलेली आहेत. ‘अनेक वर्षांचे दुकान बंद होत आहे’ ही कथा जगभर वापरली जाते, केवळ गावाचे नाव बदलते. छायाचित्रातील वृद्ध गृहस्थ बहुधा कोठेच अस्तित्वात नसतो, कारण अशी चित्रे आता यंत्राकडून क्षणात काढून घेता येतात. पत्त्यात गाव असते, परंतु गल्ली, इमारत आणि दुकानाचा क्रमांक नसतो. आणि ती ओढणी चुकून आलेली नसते. काही तरी पाठविले, ते पोहोचले, आणि पोहोचल्याची नोंद टपालवाहकाकडे झाली, एवढा पुरावा विक्रेत्याला हवा असतो. कारण पुढे गिऱ्हाइकाने पैशासाठी दाद मागितली, तर हीच नोंद तो बँकेपुढे किंवा पैसे गोळा करणाऱ्या कंपनीपुढे ठेवतो.

रक्कम लहान असणे हाही योजनेचाच भाग आहे. मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने २०२१ साली सुरतेच्या एका संगणकतज्ज्ञाला अटक केली. कपडे आणि घरगुती वस्तू स्वस्तात देऊ करणाऱ्या बनावट दुकानाच्या द्वारे सुमारे २२,००० लोकांना, त्यांतही मुख्यतः स्त्रियांना, मिळून सुमारे ७० लाख रुपयांना फसविले गेले, असे पोलिसांचे म्हणणे होते. हे दोन आकडे वाचकांनी एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत. भागाकार केला तर प्रत्येकीच्या वाट्याला साधारण ३१८ रुपये येतात. तीनशे रुपयांसाठी पोलिस ठाण्यात कोण जाणार, घरात सांगून बोलणी कोण खाणार, हा गृहिणीचा स्वाभाविक संकोच त्या धंद्याचे खरे भांडवल होते. संसारातील दोन पैसे वाचविण्याची जी सवय आपण स्त्रियांच्या अंगचा गुण म्हणून वाखाणतो, त्याच गुणाला हे लोक गळ लावतात. म्हणून फसलेल्या माणसाला लोभी म्हणून हिणविणे हे मला अन्यायाचे वाटते.

आता पायरी कशी शोधावी ते पाहू. पहिले स्थान म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, कारण तो विक्रेत्याला इतर मजकुराइतका सहज रंगविता येत नाही. पुष्कळ लोक हा पत्ता आपल्या वाचनाच्या सवयीने डावीकडून वाचतात आणि प्रारंभीच ओळखीच्या मोठ्या दुकानाचे नाव दिसले की निश्चिंत होतात. हा पत्ता वाचण्याची योग्य रीत अशी, की प्रारंभीच्या दोन तिरक्या रेषा सोडून त्यानंतर येणाऱ्या पहिल्या तिरक्या रेषेपर्यंत जावे आणि तेथून उलट, उजवीकडून डावीकडे यावे. शेवटी ‘कॉम’, ‘शॉप’, ‘स्टोअर’ असे काही असेल. त्याच्या लगेच आधीच्या टिंबामागे जे नाव असेल तेच खऱ्या धन्याचे नाव. (‘को डॉट इन’ असा दुहेरी शेवट असल्यास तो सबंध एक धरून त्याच्या मागचे नाव पाहावे.) त्याच्याही डावीकडे कितीही प्रतिष्ठित नाव लिहिलेले असले तरी ते भाडोत्री घराच्या दारावर कोणीही लावावी अशा पाटीएवढेच विश्वसनीय समजावे. तसेच नावात एखादे अक्षर अधिक असणे, इंग्रजी ‘ओ’च्या जागी शून्य असणे, किंवा नावाला जोडरेघ देऊन ‘सेल’, ‘ऑफर’, ‘दिवाळी’ असे शेपूट लावलेले असणे ही चिन्हे दिसताच तेथून परत फिरावे.

पत्त्याशेजारी कुलुपाचे चित्र दिसते म्हणून दुकान सुरक्षित, असा एक समज अजून पुष्कळांच्या मनात दृढ आहे. त्या कुलुपाचा अर्थ इतकाच, की तुमचा मजकूर त्या दुकानापर्यंत जाताना वाटेत तिसरा कोणी वाचू शकत नाही. दुकानात बसलेला इसम प्रामाणिक की भामटा ह्याविषयी कुलूप काहीच सांगत नाही, आणि ते भामट्यालाही विनामूल्य मिळते.

संकेतस्थळाचे नाव केव्हा नोंदविले गेले हे ‘हू-इज’ ह्या सार्वजनिक नोंदवहीत कोणालाही पाहता येते. तीन पिढ्यांचे म्हणविणाऱ्या दुकानाचे नाव तीन आठवड्यांपूर्वी नोंदविलेले आढळले, तर अधिक तपासाची गरज राहत नाही. परंतु ह्याच्या उलट, नोंद जुनी म्हणजे दुकान खरे, असे अनुमान मात्र काढू नये. बर्लिन येथील एसआरलॅब्स ह्या संस्थेच्या तज्ज्ञांनी २०२४ साली बनावट दुकानांचे एक अवाढव्य जाळे उघडकीस आणले. त्यात ७५,००० हून अधिक संकेतस्थळे होती, प्रामुख्याने युरोप-अमेरिकेतील साडेआठ लाखांवर माणसे त्यात सापडली होती, आणि त्या टोळीची रीत अशी होती की मुदत संपून मोकळी झालेली, शोधयंत्रांत पूर्वी चांगली पत असलेली जुनी नावे विकत घ्यावयाची आणि त्यांवर नवी दुकाने थाटावयाची. जुन्या पेढीची पाटी लिलावात घेऊन चोराने तिच्याखाली बसावे, तसाच हा प्रकार. ह्यास्तव नोंदीची तारीख ही एक साक्ष समजावी, निकाल समजू नये.

कायद्याने ह्या अदृश्य दुकानदारांवर काही बंधने घातलेली आहेत, आणि ती ठाऊक असणे ग्राहकाला फार उपयोगाचे आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ह्याच्या अन्वये जुलै २०२० मध्ये ई-वाणिज्याचे नियम लागू झाले. त्यांनुसार अशा प्रत्येक व्यवसायाने आपले कायदेशीर नाव, मुख्य कार्यालयाचा पत्ता, संपर्काची साधने आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व हुद्दा ठळकपणे प्रसिद्ध केला पाहिजे. तक्रार आल्यापासून ४८ तासांत तिची पोच दिली पाहिजे आणि एका महिन्यात तिचे निवारण केले पाहिजे. म्हणून पानाच्या तळाशी जाऊन हा मजकूर शोधावा. तेथे केवळ एक व्हॉट्सॲप क्रमांक आणि कोणालाही फुकट उघडता येणारा ईमेलचा पत्ता असेल, परताव्याच्या अटी दुसऱ्याच एखाद्या दुकानाच्या नावासकट उतरून घेतलेल्या असतील, किंवा ‘आमच्याविषयी’ ह्या सदरात गोड शब्दांपलीकडे एकही पडताळून पाहता येण्याजोगी गोष्ट नसेल, तर पायरी नाही असे समजावे.

जीएसटी क्रमांक दिलेला असल्यास तो नुसता पाहून सोडू नये. हा क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, म्हणजे कर्नाटकास २९, महाराष्ट्रास २७, गोव्यास ३०, आणि पुढची दहा अक्षरे त्या व्यापाऱ्याच्या पॅनची. हुबळीचे म्हणविणाऱ्या दुकानाने दिलेला क्रमांक जर दुसऱ्याच राज्याच्या अंकांनी सुरू होत असेल, तर त्याचा खुलासा मागणे हा आपला हक्क आहे. जीएसटीच्या शासकीय संकेतस्थळावर करदात्याचा शोध घेण्याची सोय असून, तेथे क्रमांक घालताच नोंदीतील नाव, व्यवसायाचे ठिकाण आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली आहे हे समोर येते. नाव आणि ठिकाण दोन्ही जुळतात का, हे पाहणे अगत्याचे आहे. कारण दुसऱ्या एखाद्या निरपराध व्यापाऱ्याचा खरा क्रमांक उचलून आपल्या पानावर चिकटविण्याचे प्रकारही घडतात.

एवढी छाननी करण्यास माणसाला थोडे स्वास्थ्य लागते, आणि ते मिळू नये हीच ह्या दुकानांची पहिली काळजी असते. ‘सवलत संपण्यास अकरा मिनिटे उरली’, ‘केवळ तीन नग शिल्लक’, ‘पुण्यातील एका ग्राहकाने आत्ताच खरेदी केली’ अशा सूचना पडद्यावर एकामागून एक चमकू लागतात. अशा वेळी पान बंद करून दहा मिनिटांनी दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडावे. बनावट घड्याळ पुन्हा अकरा मिनिटांपासूनच मोजू लागते आणि नग तीनच उरलेले असतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या ज्या तेरा क्लृप्त्या नमूद करून त्यांना मनाई केली, त्यांत ह्या कृत्रिम निकडीचा उल्लेख प्रारंभीच केलेला आहे. तेव्हा घाई करावयास लावणे हे, विक्रेता मोठा असो वा लहान, गैरवर्तनच आहे.

ह्यानंतर किंमत. सवलत किती टक्क्यांची आहे ह्याकडे मुळीच पाहू नये, कारण जी ‘मूळ किंमत’ खोडून दाखविलेली असते ती विक्रेत्याने स्वतःच लिहिलेली असते. वस्तू बनविण्यास काय लागते ह्याकडे पाहावे. खऱ्या इरकली लुगड्यात अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा हे निरनिराळे असून विणकर ते फासे घालून एकमेकांस जोडतो, आणि ते जोडकाम हे त्या लुगड्याचे कुलचिन्ह आहे. पदर रेशमी, काठ रेशमी, विणणारा माणूस दिवसच्या दिवस मागावर बसलेला, त्यानंतर व्यापाऱ्याचा नफा, कर, पाठवणीचा खर्च. हे सर्व जमेस धरले असता पाचशे रुपयांत एक लुगडे कसे पडते, हा हिशेब काकूंसारख्या अनुभवी गृहिणीला दुर्गदबैलात उभ्या उभ्या करता आला असता. तोच हिशेब पडद्यापुढेही करावा. विक्रेत्याकडे पदराच्या जोडाचे आणि उलट्या बाजूचे छायाचित्र मागावे. ज्याच्याकडे वस्तूच नाही तो ते देऊ शकत नाही. रेशमाच्या बाबतीत केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुरस्काराने चालणाऱ्या सिल्क मार्कच्या खुणेविषयी विचारावे. पानावरील चित्र गूगल लेन्समध्ये घालून पाहिले तर तेच चित्र निरनिराळ्या नावांच्या दहा दुकानांत टांगलेले सापडणे अगदी शक्य आहे.

किमतीचा हा साधा हिशेब सुशिक्षितांनीही कसा विसरावा ह्याचे उदाहरण फार जुने नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये नोएडाच्या एका कंपनीने ‘फ्रीडम २५१’ ह्या नावाचा स्मार्टफोन अवघ्या २५१ रुपयांत देऊ केला. अशा किमतीत असे यंत्र तयार होणे शक्य नाही असे त्या उद्योगातील जाणकारांनी तेव्हाच बजावले होते. तरी मागणी नोंदविणाऱ्यांच्या गर्दीने कंपनीचे संकेतस्थळ पहिल्याच दिवशी बंद पडले. बहुसंख्य लोकांना फोन कधीच मिळाला नाही, आणि पुढच्या वर्षी एका वितरकाच्या फिर्यादीवरून कंपनीच्या प्रमुखास अटक झाली. त्या कंपनीला नाव होते, पत्ता होता, समारंभही थाटाचा झाला होता; नव्हते ते केवळ स्वस्ताईचे पटण्याजोगे कारण.

पैसे देताना एक नियम पाळावा: पैसे ज्याच्या हाती जाणार त्याचे नाव वाचल्याशिवाय पिन घालू नये. यूपीआयने देताना पिन घालण्यापूर्वी घेणाऱ्याचे नाव पडद्यावर येते. दुकानाचे नाव एक आणि खाते कोणा तरी अनोळखी व्यक्तीचे, असे दिसल्यास तेथेच थांबावे. बयाणा म्हणून काही रक्कम व्हॉट्सॲपवर पाठविलेल्या क्यूआर कोडवर भरण्यास सांगितले जाते, तेही नाकारावे. क्रेडिट कार्डाने दिलेल्या रकमेबाबत वस्तू न मिळाल्यास बँकेमार्फत परताव्याचा दावा लावण्याची एक वाट तरी असते. यूपीआयने व्यक्तीच्या खात्यात गेलेली रक्कम परत आणणे त्या मानाने कितीतरी अवघड आहे. ‘वस्तू आल्यावर पैसे’ ह्या पद्धतीवर पुष्कळांची भिस्त असते, परंतु पार्सल उघडण्यापूर्वीच पैसे मोजावे लागत असतील तर तिचे संरक्षण अर्धेच उरते. ज्यांनी काही मागविलेच नाही अशांच्या घरीही अशी पार्सले येतात आणि घरातील वडीलधारे ‘मुलाने मागविले असेल’ म्हणून पैसे देऊन टाकतात. म्हणून घरात कोणी काय मागविले हे सर्वांना ठाऊक असावे, आणि पार्सल उघडताना त्याची चित्रफीत काढावी. पाठविणाऱ्याचे नाव असलेली चिठ्ठी फेकू नये.

काकूंच्या प्रकरणाचा दुसरा अंक अजून सांगावयाचा आहे, आणि तो पहिल्यापेक्षा अधिक धोक्याचा होता. ओढणी आल्यावर त्यांनी संतापून इंटरनेटवर त्या दुकानाच्या ग्राहकसेवेचा क्रमांक शोधला आणि तेथे सापडलेल्या क्रमांकावर दूरध्वनी केला. पलीकडचा माणूस अत्यंत अदबीने बोलला, क्षमा मागितली, आणि पैसे परत करण्यासाठी एक ॲप उतरवून घेण्यास व आलेला क्रमांक वाचून दाखविण्यास सांगू लागला. नेमका त्याच वेळी त्यांचा मुलगा घरी आला म्हणून अनर्थ टळला; तसली ॲपे आपला पडदा दुसऱ्याच्या हवाली करतात, आणि ९९९ रुपयांचा शोक करीत असलेल्या माणसाचे सबंध खाते रिकामे होते. पैसे परत घेण्यासाठी पिन लागत नाही, ओटीपी लागत नाही, क्यूआर कोड टिपावा लागत नाही. ह्यांपैकी काहीही मागणारा माणूस पैसे देण्यासाठी नव्हे, नेण्यासाठी बोलत असतो. ‘पत्ता अपुरा असल्याने आपले पार्सल अडकले आहे, किरकोळ शुल्क भरा’ असा टपालखात्याच्या नावाने येणारा संदेश हाही ह्याच जातीचा.

फसवणूक झालीच, तर पहिला तास फार मोलाचा असतो. १९३० ह्या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. २०२१ पासून चालू असलेल्या ह्या केंद्रीय व्यवस्थेत तक्रार संबंधित बँकांपर्यंत तातडीने पोहोचते, आणि रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात सरकत असताना वाटेत जेथे सापडेल तेथे ती अडविता येते. ती रोखीने काढली गेल्यावर मात्र ही वाट बंद होते. त्यासाठी व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि ज्या खात्यात पैसे गेले त्याची खूण हाताशी ठेवावी. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार संकेतस्थळावर लेखी तक्रार करावी आणि जाहिरात, पान, पत्ता, संभाषण ह्या सर्वांची छायाचित्रे जोडावीत. ती आधी टिपून ठेवावीत, कारण दुकान रातोरात नाहीसे होते. हुबळी-धारवाडकरांसाठी पोलिस आयुक्तालयाचे सायबर गुन्ह्यांचे ठाणे, ज्यास सीईएन ठाणे म्हणतात, ते गावातच आहे; आणि गुन्हा कोणाच्या हद्दीत घडला हा प्रश्न आता अडसर ठरू नये, कारण १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीचा विचार न करता माहिती नोंदवून घेणे पोलिसांवर बंधनकारक आहे. असल्या कृत्यांना भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ ड लागू होते.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने खातेदाराच्या संमतीवाचून झालेल्या व्यवहारांत, त्याची कसूर नसेल आणि तीन कामाच्या दिवसांत बँकेला कळविले असेल, तर त्याला संपूर्ण संरक्षण दिले आहे. परंतु आपण स्वतःच्या हाताने पिन घालून दिलेली रक्कम ह्या संरक्षणात सहसा बसत नाही. तसेच ग्राहक आयोगाचे. विक्रेता खरा आहे, नाव-पत्ता सापडतो, पण निकृष्ट माल देऊन हात वर करतो आहे, अशा प्रसंगी आधी १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि मग जिल्हा आयोगाकडे जावे; २०१९ च्या कायद्याने तक्रारदाराला आपण राहतो त्या जिल्ह्यातच, म्हणजे आपल्याकडे धारवाडला, तक्रार दाखल करता येते, मुदत दोन वर्षांची आहे, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीस शुल्क पडत नाही. विक्रेताच बनावट असेल तर आयोगापुढे उभे कोणाला करणार? तेथे वाट पोलिसांचीच.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही आपल्याकडची जुनी शिकवण. ह्या बाबतीत मात्र तिने आपले नुकसान केले आहे. वर सांगितलेल्या बावीस हजारांतील प्रत्येकीने आपले तीनशे रुपये मुकाट्याने सोडून दिले असते, तर ते दुकान आजही चालू राहिले असते. एका तक्रारीवर खाते गोठते. दहा तक्रारी एकाच खात्याकडे बोट दाखवू लागल्या की तपासाला दिशा लागते. काकूंनी पंधरा दिवस संकोचात घालविले आणि मग मुलाला बरोबर घेऊन ९९९ रुपयांची तक्रार नोंदविली. त्यांचे पैसे अद्याप परत आलेले नाहीत. तक्रारीच्या क्रमांकाचा कागद त्यांनी लुगड्यांच्या पेटीत जपून ठेवला आहे, आणि भिशीच्या बैठकीत स्वतःची हकीकत सांगितल्यावर आणखी दोघी जणींनी, त्याच वृद्ध गृहस्थाचे छायाचित्र ओळखून, आपापली तक्रार दिली.

वाचकांपैकी ज्यांचे असे तीनशे, पाचशे, हजार रुपये गेले असतील आणि ज्यांनी ते आजवर कोणाला सांगितले नसेल, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की रक्कम परत मिळो वा न मिळो, तक्रार आज नोंदवावी.